चिमाबाईंचे निजलेले हिरडे

चिमाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या मुलींना भिजवलेली चवळी चिरून आतला अंकुर दाखवत होते. फोनवर त्यांची सून सुमन होती. "मॅडम, आत्या गेल्या. सकाळी चूल पेटवली अन् बसल्या जागीच..." दोन महिने होत आले. सुमनला भेटायला येणारे म्हणतात, म्हातारी शांतपणे गेली. असेल. पण जिवंतपणी त्यांनी कुठलीच गोष्ट शांतपणे ऐकून घेतली नाही, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आमची ओळखच भांडणातून झाली. मी जुन्नरला वनस्पतिशास्त्र शिकवते. आंबेगावच्या डोंगरभागातल्या एका रोपवाटिकेत हिरड्याच्या बिया पिशव्यांत लावल्या होत्या आणि पावसाळा सरत आला तरी एकही उगवली नव्हती. तिथल्या साहेबांनी मला बोलावलं. मी दोन बिया फोडल्या, दोन्ही आतून कुजलेल्या निघाल्या. 'बियाणे निकामी' असं कागदावर लिहिलं आणि सही केली. मागे रोजंदारीवरची एक सडपातळ बाई खुरपं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बाई, तुमी दोनच फोडल्या. दोन घरं वस पडली म्हणून समदी वाडी मेली व्हय? निजलंय ते बी. त्याला अजून ऊन लागलं न्हाई." साहेब हसले. मीही हसले... ते हसू आजही मला टोचतं.

पिशव्या ओतून द्यायचा हुकूम झाला. चिमाबाईंनी मातीतून एकेक बी वेचलं आणि पाटीत घालून घरी नेलं. कामाच्या वेळात हे केलं म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना कामावर घेतलं नाही. त्या परत विचारायलाही गेल्या नाहीत. हिरड्याच्या बीवरचं कवच दगडासारखं असतं, पाणी सहजी आत शिरत नाही. हे मी पुस्तकातून शिकवत होते, त्यांनी ते झाडाखाली बसून पाहिलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी त्या बिया घरामागच्या कातळावर पसरल्या. दिवसभर तापू द्यायच्या, सांजेला ओल्या गोणपाटाखाली झाकायच्या, सकाळी पुन्हा उन्हात. प्यायचं पाणी विहिरीवरून डोक्यावर आणावं लागायचं, त्यातलंच तांब्याभर बियांना. शेजारणी म्हणाल्या, म्हातारी दगड शिजवतीय. "शिजवतीय तर शिजवतीय," त्या म्हणायच्या, "तुमाला कोण वाढतंय?"

आषाढात एका दुपारी माझा तास चालू असताना त्या सरळ वर्गात शिरल्या. अंगावरून पाणी निथळत होतं, हातात चिखलाने माखलेली पिशवी. त्यांनी ती टेबलावर ठेवली. आतल्या रोपाची दोन कोवळी पानं उघडलेली होती. "ही घ्या तुमची मेलेली," त्या म्हणाल्या. "अशी अकरा हायेत घरी. बाकीची अजून निजल्यात, त्यांची मर्जी."

पोरं बघत होती. मी तिथेच त्यांची माफी मागितली.

"माफी ऱ्हाऊ द्या. त्या कागदावरचं खोडा."

मी रोपवाटिकेला पत्र लिहिलं की माझा निष्कर्ष चुकला होता. उत्तर आलं नाही. चिमाबाईंनी पत्राची नक्कल मागून घेतली आणि घराच्या भिंतीला खिळ्याने ठोकली. त्यांना वाचता येत नव्हतं. आल्यागेल्याला मात्र त्या ते मोठ्याने वाचायला लावत.

गेल्या आठवड्यात वाडीवर गेले होते. बाळहिरड्याचा हंगाम चालू आहे. कोवळी फळंच तोडून विकली जातात, त्यामुळे पिकून खाली पडणारं बी फार थोडं उरतं. घराच्या वरच्या अंगाला एक जुनं झाड आहे, ते चिमाबाईंनी बियांसाठी राखलं होतं. कोणालाही हात लावू दिला नाही. मी पोचले तेव्हा व्यापाऱ्याचा माणूस काठी घेऊन त्याच झाडाखाली उभा होता. "आता म्हातारी न्हाई, वैनी," तो सुमनला समजावत होता. "आता कुणासाठी ठेवायचं?"

सुमन एरवी मान वर करून बोलत नाही. तिने पदर खोचला, पुढे होऊन त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि झाडाला टेकून बसली.

"म्हातारी न्हाई," ती म्हणाली. "मी हाय."

तो थोडा वेळ घुटमळला आणि उतरून गेला. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. ऊन चांगलंच तापलं होतं.