दोन कंपन्यांच्या पेट्या आणि आमचे दाजी

जगातली निम्मी भांडणं दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्या एकाच कपाटात ठेवल्यामुळे होतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा निघाला. नात्याने माझे साडू, पण बायको म्हणते म्हणून मीही त्यांना दाजीच म्हणतो. जन्म शिवाजी पेठेतला, आवाज तालमीतला, आणि धंदा कॉलेजं, पतसंस्था, दवाखाने असल्या ठिकाणी स्विच-राउटरच्या पेट्या बसवून कॉम्प्युटर एकमेकांना जोडून देण्याचा. हा धंदा शांतपणे, हळुवार हाताने करायचा असतो म्हणे. दाजी तो गुऱ्हाळ चालवल्यासारखा करतात. शिडीवर उभं राहून त्यांनी ‘लाइट आली का?’ असं विचारलं, की शेजारच्या इमारतीतले लोकही आपापले दिवे लावून बघतात.

त्यांच्याकडून नेटवर्क समजून घ्यायला जेवण झाल्यावर बसू नये, कारण पुन्हा भूक लागते. “व्ही-लॅन म्हंजे काय अवघड न्हाय, पावणं,” ते मला सांगतात. मी साडू होऊन एकवीस वर्षं झाली तरी त्यांच्या लेखी मी पावणाच आहे. “मांडव एकच, पंगती येगळ्या. ह्या पंगतीतल्यानं त्या पंगतीत घुसायचं न्हाय. आन् डीएचसीपी म्हंजे पाट मांडणारा. आलेल्याला नंबर द्यायचा, हितं बस म्हणायचं. एका पंगतीला पाट मांडणारा एकच पायजे. दोघं झालं की घोटाळा झालाच म्हणून समजा.” मग ते आवडीच्या विषयावर, म्हणजे पेट्यांवर येतात. “एक कंपनी परत्येक ताटाला चिठ्ठी लावून धाडती, कुठल्या पंगतीचं म्हणून. दुसरी म्हणती, बिनचिठ्ठीचं आलं तर ते आमच्या घरचं. दोन्ही बी आपल्या जागी खरं. व्याही हाईत ते. मानपान आधी ठरवून घ्या, मग काय तरास न्हाय.” एवढं ऐकल्यावर मला व्ही-लॅन कळलं की नाही ते सांगता येत नाही, पण पुतणीच्या लग्नाच्या बैठकीत मी फार शहाण्यासारखा बोललो होतो.

त्याच लग्नात, जयसिंगपूरला, दाजींनी मुहूर्त जवळजवळ चुकवलाच होता. कार्यालयाचं वायफाय चालेना म्हणून नवरदेवाचे मित्र कुरकुरत होते. दाजी कुणाचाही फोन हातात घेतात तो कुंडली बघितल्यासारखा, नेटवर्कने त्याला कुठला नंबर, म्हणजे पत्ता, दिलाय ते बघायला. अंतरपाट धरायची वेळ झाली आणि हे नवरदेवाचाच फोन घेऊन उभे! “एकशे एकोणसत्तरनं सुरुवात हाय,” ते हळहळले. “बिचाऱ्याला कुणी नंबरच दिला न्हाय. सोताच कायतरी ठरवून बसलाय.” सोयरे दचकून नवरदेवाकडे बघायला लागले. दाजी तोवर स्टेजच्या मागे जाऊन कुठलीशी तार चाचपत होते, आणि अख्खा मांडव मुठीत अक्षता धरून घामेजत होता. शेवटी भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं, आणि पहिल्याच ‘सावधान’ला मागून आवाज आला, “आता बघा!” वायफाय सुरू झालं होतं. निम्म्या लोकांनी अक्षता टाकायच्या सोडून फोन काढले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे चिठ्ठी. चिठ्ठी नसलेली तार त्यांना बघवत नाही, आणि तारा संपल्या की ते घरातल्या वस्तूंकडे वळतात. मिक्सर, फ्रिज, देवघरातली दिव्यांची माळ, सगळ्यांना दाजींच्या अक्षरातली पांढरी चिठ्ठी आहे. मिठाच्या डब्यावर ‘मीठ, शेवटचा बदल रविवार’ असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. एकदा अक्कांनी, म्हणजे दाजींच्या बायकोने, न विचारता मिठाच्या डब्यात साखर भरली तेव्हा दाजींनी जेवण अर्धवट टाकून आधी डब्याची चिठ्ठी बदलली. “उद्या माझ्या कपाळाला बी चिकटवा एक,” अक्का म्हणाल्या. दाजींनी तो विचार करून पाहिला असावा, असा मला त्यांच्या चेहऱ्यावरून संशय आला.

आणि तिसरी खोड, बिघाड कसलाही असो, आधी तार चालून बघायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत, नजर छताला लावून. “तार खरं सांगती, माणूस लपवतो,” हे त्यांचं ब्रह्मवाक्य. बिद्रीकडच्या एका पतसंस्थेत असेच तार बघत निघाले ते मॅनेजरच्या केबिनमधून आरपार जाऊन बचत गटाच्या बैठकीत उभे राहिले. बायकांना वाटलं, बँकेतून साहेब आलेत. त्यांनी हार घातला. दाजींनी हार घातलेल्या अवस्थेतच बिघाड शोधला.

आमच्या कॉलेजातली प्रत्येक तार दाजींनी स्वतःच्या हाताने ओढलेली. मी तिथे कॉम्प्युटर शिकवतो आणि प्रयोगशाळाही माझ्याकडेच आहे. बारा वर्षं दाजी आमचं नेटवर्क सांभाळत होते, आणि कपाटात सगळ्या पेट्या एकाच कंपनीच्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात संस्थेने दाजींना न विचारता दुसऱ्याच कंपनीची एक पेटी आणली. “बैठक न करता लगीन लावलंसा,” असं म्हणत त्यांनी ती बसवली. चालली मात्र ती उत्तम.

त्यानंतर महिन्याभरात आमच्याकडे ऑनलाइन प्रवेश परीक्षेचं केंद्र आलं. केंद्रप्रमुख मी. परीक्षेच्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर लावले तर निम्म्यांवर पेपरचं पान उघडेचना. बाहेर पोरं हॉल तिकीट घेऊन उभी. राधानगरीकडची एक मुलगी पहाटेच्या एसटीने आली होती, ती दर दोन मिनिटांनी खिडकीतून आत बघायची. दहाच्या आत सुरू झालं नाही तर केंद्र रद्द, आणि पोरांची परीक्षा पुन्हा कधी, कुठल्या जिल्ह्यात, देव जाणे. संस्थेचे सचिव येऊन माझ्या मागे उभे राहिले. मी दाजींना फोन लावला.

दाजी आले तेव्हा सगळ्यांनी नव्या पेटीकडे बोट दाखवलं. दोन कंपन्यांचं पटत नाही, हे आता कॉलेजच्या शिपायालाही पाठ झालं होतं. दाजींनी पेटीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी एका कॉम्प्युटरचा पत्ता बघितला, शेजारच्याचा बघितला. “व्याह्यांचं काय बी चुकलं न्हाय,” ते म्हणाले. “ह्या पंगतीत पाट मांडणारा दुसरा कोणतरी घुसलाय.” आणि नजर छताला लावून निघाले. मी मागोमाग. तार प्रयोगशाळेची भिंत ओलांडून माझ्या केबिनमध्ये शिरली, कपाटाच्या मागे उतरली. हजेरीपटांच्या गठ्ठ्यामागे एक छोटी पेटी डोळे मिचकावत होती. तिच्यावर दाजींच्याच अक्षरात चिठ्ठी होती, ‘पावणं, घर, हॉल.’

माझ्या घरचा जुना राउटर. आदल्या दिवशी पेठेच्या फुटबॉल संघाची फायनल होती, ती मला फोनवर बघायची होती आणि केबिनमध्ये माझ्या फोनला रेंज मिळत नाही. घरातून पेटी आणली, भिंतीतली तार दिसेल त्या भोकात खुपसली, आणि काढायची विसरून गेलो. व्ही-लॅन शिकवणाऱ्या प्राध्यापकाचा हा पराक्रम! रात्रभर ती पेटी तिथे बसून राहिली आणि सकाळी उठलेल्या कॉम्प्युटरना स्वतःच्या मनाचे नंबर वाटायला लागली.

दाजींनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “म्याच कोण जिंकलं?” त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

“दिसलीच नाही, दाजी. नुसतं चाक फिरत होतं.”

“फिरणारच की,” म्हणून त्यांनी तार उपसली, पेटी पिशवीत टाकली आणि सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावायला लावले. दहाला पाच मिनिटं असताना राधानगरीची मुलगी जागेवर बसली.

सचिवांनी दारातच विचारलं, “चूक कुणाची?” केंद्रप्रमुखाने परीक्षेच्या नेटवर्कला घरची पेटी जोडली हे कळलं असतं तर केंद्र गेलं असतं आणि माझी चौकशी लागली असती. मी तोंड उघडलं. त्याआधी दाजी म्हणाले, “माझीच. नव्या पेटीचं एक सेटिंग माझ्याकडनं राहिलतं.” मी तोंड मिटलं. पुढच्या बैठकीत संस्थेने दाजींचं काम काढून पुण्याच्या एका कंपनीला दिलं. बारा वर्षांचं काम दोन ओळींच्या पत्राने गेलं, आणि त्या बैठकीतही मी गप्प बसलो होतो. हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

एकदा मी त्यांना म्हणालो, सचिवांना खरं काय ते सांगून टाकतो. “गप बसा की, पावणं,” ते ओरडले. “माझी गिऱ्हाइकं धा हाईत. तुमची नोकरी एकच हाय.”

परवाच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. अक्कांनी तांबडा रस्सा वाढला आणि दाजींचा फोन वाजला. पुण्याच्या कंपनीचा माणूस होता. आमच्या कॉलेजात काहीतरी बंद पडलं होतं, आणि तारा कुठून कुठे जातात हे त्याला समजत नव्हतं. दाजी उष्ट्या हाताने उठले आणि खिडकीशी उभे राहून अर्धा तास त्याला तार चालवत राहिले, ही जिन्याखालनं जाती, ती ग्रंथालयाच्या अंगानं वर चढती. मग जरा थांबून म्हणाले, “न्हाय न्हाय, त्या केबिनमध्ये शिरू नका. तिथं काय न्हाय. मी बघितलंया.”

डोळ्यांत पाणी का आलं, म्हणून बायकोने विचारलं. मी म्हणालो, रस्सा तिखट झालाय. अक्कांनी दह्याची वाटी पुढे सरकवली.