दाराजवळची खुर्ची

आमच्या ख्रिस्ती मंडळीची उपासना यूट्यूबवर लाइव्ह दाखवायचं काम मी काही मागून घेतलेलं नाही. लॉकडाउनमध्ये हॉल बंद होता तेव्हा पाळकसाहेब घरून मोबाइलसमोर उपदेश करायचे आणि निम्म्या वेळा मोबाइल उलटा धरायचे. शेवटी मी वैतागून म्हणाले, द्या इकडे. तेव्हापासून ते माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच. त्याच्या आधीपासून मी एक ब्लॉग लिहीत होते. दर आठवड्याला एखादं वचन घ्यायचं आणि त्यावर जे सुचेल ते लिहायचं. वाचणारे मोजके, बहुतेक नगरकडचे नातेवाईक, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. लाइव्हचं तसं नाही. पलीकडून कोण बघतंय ते कळत नाही, आणि माझा स्वभाव मुळातच चिंतेचा. नवरा म्हणतो, गॅस बंद केलाय का ते बघायला तू जिन्यातून परत येतेस, तशी स्वर्गाच्या दारातूनही परत येशील.

आमचा हॉल नेरूळजवळ शिरवण्यात, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भाड्याचा. प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे एक टेबल, मागे दार. मोबाइलचा स्टँड मी डाव्या खांबाशी लावते. तिथून टेबल, पाळकसाहेब आणि पुढच्या रांगा दिसतात, दाराजवळची खुर्ची दिसत नाही. हे आपोआप होत नव्हतं. दर रविवारी उपासनेच्या आधी मी त्या खुर्चीत जाऊन बसायचे आणि नवऱ्याला मोबाइलपाशी उभं करून विचारायचे, "दिसते का मी?" तो म्हणायचा, "नाही दिसत. आणि तू गेल्या रविवारीही दिसली नव्हतीस." तरी मी खुर्ची आणखी थोडी भिंतीकडे सरकवायचे, कारण त्या खुर्चीत ती बसायची.

ती दिवाळे गावची कोळीण. आमच्या नेरूळच्या मार्केटात मासळी घेऊन बसायची आणि मी तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. एकदा तिच्या मुलीला कावीळ झाली, उतरेना, आणि ती कोलंबी साफ करता करता माझ्यासमोर रडायला लागली. मी तिथेच, मासळीच्या पाटीसमोर, तिचा ओला हात धरून प्रार्थना केली. बाजूच्या बायका बघत होत्या आणि मला फार अवघडल्यासारखं झालं होतं. मुलगी डॉक्टरांच्या औषधानं बरी झाली, हे मी तिला स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, औषध तर आधीपन चालू होतं. पुढच्या रविवारी ती पत्ता विचारत हॉलवर आली. गाणी संपेपर्यंत दारातच उभी होती. मग मी तिला ती खुर्ची दिली.

त्याच दिवशी जिन्यात तिनं मला थांबवलं. "ताई, घरी कोनाला माहीत नाय. दीर तापट हाय. माजा चेहरा कुठं मोबाइलमदी येऊ देऊ नका."

"नाही येणार," मी म्हणाले. "ती जबाबदारी माझी."

शब्द दिला आणि माझी झोप गेली. आमच्या व्हिडिओखाली मधूनमधून अनोळखी माणसं येऊन लिहायची: यांना पैसे कुठून येतात, गरिबांना फसवतात, यांचा पत्ता काढा. मी ते वाचून पुसून टाकायचे आणि मग दिवसभर पावणे गावातल्या कारखान्याच्या ऑफिसात बिलं करताना तेच डोक्यात घोळायचं. अशा व्हिडिओचा एखादा छोटा तुकडा कुठल्या कुठे जातो आणि मग दारात माणसं जमतात, हे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे. पाळकसाहेबांना सांगितलं तर ते म्हणायचे, प्रभू राखतो. प्रभू राखतोच, पण स्टँड मला लावावा लागतो.

असं बरंच चाललं. ती यायची, बसायची, गाणी हळूहळू पाठ झाली. मुलीलाही एकदोनदा घेऊन आली. मी तिला पुन्हा काही विचारलं नाही आणि तिनंही काही सांगितलं नाही.

मग हंगामाचा सण आला. आमच्याकडे हा सण म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या घरचं काहीतरी देवाला आणायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. गावाकडे ज्वारीची कणसं, कोंबड्या, भोपळे असायचे. इथे शेती कुणाची? कुणी कुंडीतली मिरची आणतं, कुणी केक, कुणी घरचं लोणचं. विकत घेणारा ती वस्तू बऱ्याचदा घरी नेत नाही, पुन्हा टेबलावर ठेवतो आणि लिलाव परत सुरू होतो. शेवटी एकच भोपळा चार घरांचा होऊन बसतो. लहानपणापासून मला सगळ्या सणांत हाच सण आवडतो, कारण त्या दिवशी देवळातली माणसं बाजारात आल्यासारखी मोकळी होतात.

त्या दिवशी टेबलावर सोड्यांची पिशवी होती. सोलून वाळवलेली कोलंबी, लालसर, चांगली निवडलेली. आमची नगरकडची मंडळी इथे येऊन सोड्यांच्या प्रेमात पडलेली. पाळकसाहेबांनी पिशवी उघडली तसा वास हॉलभर पसरला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी नाकाला पदर लावला आणि सगळे हसले. बोली चढत गेली. घेतलेली पिशवी परत टेबलावर आली, पुन्हा बोली, पुन्हा परत. आणि मग आमच्या रीतीप्रमाणे पाळकसाहेबांनी विचारलं, "हे कुणी आणलं? उभं राहा, आम्हाला बघू द्या."

रीत मलाही माहीत होती, दरवर्षीची होती, आणि तरी इतक्या रविवारी खुर्ची सरकवणाऱ्या मला ती आधी आठवली नाही. दाराजवळून ती उठली. नुसती उठली नाही, खुर्च्यांमधून चालत पुढे टेबलापर्यंत आली आणि मोबाइलच्या बरोबर समोर उभी राहिली. टाळ्या वाजल्या. मी धावत जाऊन मोबाइलवर हात ठेवला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

घरी पोचायच्या आत, रिक्षातच, मी तो व्हिडिओ काढून टाकला. कायमचा काढायचा का, असं यूट्यूबनं विचारलं आणि मी हो म्हटलं. पण दुपारी एका मावशींचा फोन आला, सोड्यांचा लिलाव किती मजेचा झाला म्हणून. हॉलमध्ये कुणीतरी आपल्या मोबाइलवर टिपलेला तुकडा त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. तो तुकडा कुठून कुठे गेला ते शोधत मी एकेकीला फोन केले. नाव न घेता सांगितलं, हात जोडून सांगितलं, काही ठिकाणी भांडूनही सांगितलं: डिलीट करा, एका बाईचं घर मोडेल. सगळ्यांनी ऐकलं. आमची मंडळी तशी ऐकणारी.

पुढच्या रविवारी ती आली नाही. मार्केटातही तिची जागा रिकामी होती. शेजारची मासळीवाली म्हणाली, "घरी काय तरी झालं असंल तिच्या," आणि बोंबील निवडत राहिली. मी फोन केला, तिनं उचलला नाही. त्यानंतरच्याही रविवारी खुर्ची रिकामी. त्या आठवड्यात मी ब्लॉगवर काही लिहू शकले नाही. विश्वासावर लिहायला बसायचे आणि डोळ्यासमोर तिचा दीर यायचा, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं. एकदा मनात त्याच्या हातात काठी असायची, एकदा तिची पिशवी दाराबाहेर फेकलेली असायची. प्रार्थना करायला डोळे मिटले तरी तेच.

"जाऊन ये ना," नवरा म्हणाला. "इथे बसून तू तिला रोज मारतेयस."

मी ऑफिस सुटल्यावर दिवाळ्याला गेले. जेट्टीच्या अलीकडे बायका वाळत घातलेली मासळी गोळा करत होत्या. ती तिथेच होती, धडधाकट. बाजूला बसलेली म्हातारी तिची सासू असणार हे चेहऱ्यावरच्या हुकमतीवरून कळलं. मी ओळख दाखवावी की नाही या विचारात उभी राहिले, तर म्हातारीच म्हणाली, "हीच काय गो मोबाइलवाली?"

ती मान वर न करता म्हणाली, "हीच."

मी तिला बाजूला बोलावलं, ती आली नाही. "इथंच बोला. आता कायपन लपवायचं नाय."

मग तिनंच सांगितलं, तुटक तुटक. घरातले सोडे न सांगता कसे काढणार? ते सगळ्या घराच्या कष्टाचे. म्हणून सणाच्या आधीच तिनं सासूला सगळं सांगून टाकलं. दीर ओरडला, दोन दिवस बोलला नाही, मग जेवायला बसला. आणि सोडे सासूनं स्वतः निवडून भरले, देवाला द्यायचे तर बारके कशाला म्हणून.

"मग आली का नाहीस?" माझ्या आवाजात राग होता, आणि मला तो लपवताही आला नाही. "मी इथे काळजीनं मेले."

आता तिनं वर पाहिलं. "उरनच्या बहिनीला सांगितलेलं, माजे सोडे बघ, मला बघ. ती सांजच्याला बघाय गेली तर व्हिडिओच नाय. म्हनाली, तुला काढून टाकली त्यांनी. मग मार्केटात तुमच्यासमोर बसायचं मन झालं नाय." तिनं हातातली मासळी टोपलीत टाकली. "त्या बाईनं नाक धरलं तवा मी हसले. पन तुमी पन धावत येऊन हात ठेवला ताई. मी बघितलं ना."

"अगं, तूच म्हणाली होतीस, चेहरा येऊ देऊ नका."

"ते तवा. आता मी आपल्या पायानं पुढं आले ना?"

मी दिलेला शब्द पाळला, असं मला अजून वाटतं, आणि तिचंही खोटं नाही. मी रविवारी ये म्हणाले. ती म्हणाली, बघते. सासूनं मला मूठभर सुकट कागदात बांधून दिली, ती का दिली ते मी रस्ताभर ठरवत राहिले.

घरी येऊन मी त्याच सगळ्या बायकांना मेसेज केला: सोड्यांच्या लिलावाचा तुकडा कुणाकडे राहिलाय का? असेल तर कृपया पाठवा. उत्तरं भराभर आली. काळजी करू नका, तुम्ही सांगितल्या दिवशीच डिलीट केला. आमच्याकडूनही गेला. एकीनं तर हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं, आता कुणाकडेच नाही, प्रभूची स्तुती असो.

रविवारी मी स्टँड डाव्या खांबापासून उजव्या खांबाशी नेला. तिथून टेबल जरा तिरकं दिसतं, पण मागचं दार आणि दाराजवळची खुर्ची पूर्ण दिसते. नवऱ्याला काही विचारलं नाही. पहिलं गाणं झालं, दुसरं झालं, शास्त्रवाचन झालं. जिन्यावर पाऊल वाजलं की मी वळून बघायचे. उपदेश सुरू झाला तेव्हा व्हिडिओखाली मावशींचा मेसेज उमटला: आज कॅमेरा वाकडा लागलाय, मागची रिकामी खुर्ची दिसतेय, नीट करा.

मी मेसेज वाचला आणि मोबाइलला हात लावला नाही.