वाळवीने न खाल्लेली वही

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगते – कारण गावात सगळे मला दत्तारामला फासावरून उतरवणारी बाई म्हणतात, आणि मी ते ऐकून घेते.

ऐकायला गोड लागतं. का लागू नये? तो सुटून आला त्या दिवशी कणकवली स्टेशनवर अख्खी वाडी होती. ढोल होते. त्याची आई, आनंदी, गर्दीतून वाट काढत आधी माझ्याकडे आली, माझे हात धरून सगळ्यांना म्हणाली, "माझो झील घराक इलो तो बाईंमुळे." मग ती लेकाकडे वळली. अठ्ठावीस वर्षांचा तो बाप्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. इतका आनंद मी आयुष्यात पाहिलेला नाही. आजही आठवलं की ऊर भरून येतो.

पण पुढचं सांगायलाच हवं.

आमच्या गावात एका बागायतदाराचा खून झाला. दोन मोठ्या माणसांबरोबर दत्ताराम होता – होता, ते मी नाकारत नाही. पोलिसांनी वय लिहिलं एकोणीस. फाशीची शिक्षा झाली. खटला चालू असतानाच आनंदी शाळेत आली होती.

"बाई, माझो झील पंधराच वर्सांचो आसा. तुमच्या वहयेत जन्मतारीख आसतली. माका तेवढी लिवन् दिया."

प्रवेशनोंदीची वही कपाटात होती. दाखल करताना तारीख मीच लिहिली होती, जन्माचा दाखला बघून; तो दाखला त्यांच्याकडे आता उरला नव्हता. पण मेलेल्याचा भाऊ आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. आदल्याच दिवशी तो म्हणाला होता, "बाई, जुने कागद वाळवी खातेच." माझी बदली दूर डोंगरात होऊ घातली होती – ती थांबवणं त्याच्या हातात होतं.

मी आनंदीला सांगितलं, वही वाळवीने खाल्ली.

ती उठली आणि गेली. माझी बदली थांबली.

वरच्या कोर्टानेही फाशी कायम केली. तरी मी गप्प. का? आधी भीती होती, मग लाज – आणि मग नुसती सवय झाली. निवृत्तीला महिना उरला तेव्हा दत्तारामच्या बाजूची एक तरुण वकीलबाई शाळेत आली. तेव्हा मी वही काढून दिली. "अडगळीत सापडली," म्हणाले. तिने माझे आभार मानले. कोर्टाने वय मान्य केलं, दत्ताराम सुटला.

आता तो काजूची कलमं लावतो. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे. आनंदी वाडीभर मिरवत आमंत्रणं देत फिरते, आणि पहिलं तिने मला दिलं.

वकीलबाईनेच मला सांगितलं होतं – वय तेव्हाच कळलं असतं, तर कायद्याने त्याला फार तर तीन वर्षं सुधारगृहात ठेवलं असतं.

तो तेरा वर्षं तुरुंगात होता. वरची दहा माझी आहेत.