थंड लॅपटॉप

बापूराव ताकसांडे कुठल्याही वस्तूला आधी हात लावायचे आणि मग तिच्याकडे बघायचे. पुलगावजवळच्या दारूगोळ्याच्या डेपोत त्यांची सारी नोकरी गेली. उन्हाळ्यात शेडचं लोखंडी दार उघडण्याआधी त्यावर तळहात टेकवायचा, क्षणभर थांबायचं आणि मगच कुलूप काढायचं, ही त्यांची सवय. कोणी शिकवली की आपोआप लागली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. गेटवर रोज झडती व्हायची, काडीपेटी आत न्यायची नाही. हळूहळू तो नियम घरीही आला. बोरगाव मेघेच्या त्यांच्या घरात काडीपेटी बाहेरच्या कोनाड्यात असायची. त्यांची बायको जिजाबाई पिठाच्या हातांनी ती घ्यायला बाहेर यायच्या आणि म्हणायच्या, "हे घर हाये का बारूदखाना?"

त्यांची लेक काजल शाळेत होती तेव्हाची गोष्ट. एकदा जेवता जेवता बापूराव उठले, भिंतीला हात लावून उभे राहिले आणि म्हणाले, "मेन बंद कर." बोर्ड खोलला तर आतली वायर वितळून काकवीसारखी झालेली. त्या दिवसापासून त्यांच्या तळहातापुढे घरात कोणी बोलेनासं झालं. काजलला वाटायचं, बाबांच्या हाताला भिंतीच्या आतलं दिसतं.

वाढत्या वयाबरोबर ही सवय निवायला हवी होती, पण निवृत्तीनंतर ती जास्तच वाढली. शेजाऱ्याच्या स्कूटरला, देवळासमोरच्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबाला, झोपलेल्या काजलच्या कपाळालाही ते हात लावून बघत. काहीतरी कुठेतरी तापत आहे आणि आपल्याला उशिरा कळणार आहे, असं त्यांना सारखं वाटत राही.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात काजल एमसीएच्या शेवटच्या परीक्षेला बसणार होती. कापसाच्या जुन्या भावांवरून पुढचा अंदाज बांधणारा प्रोग्राम तिला परीक्षकांसमोर चालवून दाखवायचा होता. पुण्याच्या एका कंपनीने तिला निवडलं होतं, पण याच परीक्षेत पास होण्याच्या अटीवर. कॉलेजची लॅब सुट्टीत बंद, म्हणून बापूराव तिला घेऊन स्टेशनाजवळच्या ताराचंदशेठच्या दुकानात गेले. तिथे जुने लॅपटॉप मिळत.

ताराचंदने दोन पुढे ठेवले, एक काळा, एक चंदेरी.

"बापूरावजी, दोघं भाऊ-भाऊ समजा. याच्यातबी दोन कोर, त्याच्यातबी दोन कोर. स्पीडबी सेम, एक पॉइंट सहासष्ट."

"मंग या चंदेरीवर कोर डुओ अन् काळ्यावर कोर टू डुओ काऊन लिवलं?"

"डुओ म्हंजे दोन, टू म्हंजेबी दोन. कंपनीवाल्यायले दुसरं नाव सुचलं नसन, दोनदा दोन लिवून टाकलं!"

काजल हसली नाही. "काका, तसं नाई. टू म्हणजे त्याच्या पुढची पिढी. काळा चौसष्ट बिटचा आहे, चंदेरी बत्तीसचा." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, माझं काम ज्याच्यावर उभं हाये तो सरांनी दिलेला प्रोग्राम चौसष्टचा हाये. बत्तीसच्या मशीनवर तो चालतच नाई. मले काळाच पाहिजे."

बापूरावांनी काळ्याखाली तळहात सरकवला. ताप आलेल्या लेकरासारखा लागला. मग चंदेरीखाली. माठाच्या बुडासारखा गार.

"हा घेऊ," ते चंदेरीवर हात ठेवून म्हणाले.

"बाबा, काळ्यावर सकाळपासून पिक्चर सुरू हाये. हा शेठनी आत्ता उघडला. म्हणून थंडा हाये."

"लोखंड सबब नाई सांगत, पोरी."

तिने ताराचंदकडे पाहिलं. ताराचंद काउंटर पुसू लागला होता. वितळलेली वायर तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिने चंदेरीचा चार्जर गुंडाळायला घेतला.

घरी आल्यावर ती कामाला बसली. सरांचा प्रोग्राम चंदेरी लॅपटॉपवर उघडला नाही. तिने तो तुकड्या-तुकड्याने बत्तीससाठी नव्याने बांधायला घेतला. काम वाढलं, तसं लॅपटॉपचं अंगही तापू लागलं. बापूराव खुर्ची ओढून शेजारी बसत. हात लावत. "बंद कर थोडा वेळ." ती बंद करी. पुन्हा सुरू करी. दिवस असे तुटत गेले.

परीक्षेच्या आदल्या सकाळी तिने शेवटचं काम लावलं. सगळ्या वर्षांचे भाव त्यातून जाऊन निकालाची फाईल तयार व्हायला दुसरी सकाळ उजाडणार होती. मधे बंद पडलं तर पुन्हा पहिल्यापासून. बायंडिंगला दिलेला रिपोर्ट आणायला निघताना ती दारातून म्हणाली, "बाबा, गरम होईल. होऊ द्या. उद्या सकाळपर्यंत हात लावू नका."

दुपारी तासाभराचं लोडशेडिंग सुरू झालं आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू लागला. छतावरचा पंखा थांबला आणि घरात एकच आवाज उरला, लॅपटॉपमधल्या बोटभर पंख्याचा. शिट्टीसारखा, बारीक, न थांबणारा. बाहेर रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. तापलेल्या प्लास्टिकचा वास आला, की आल्यासारखा वाटला.

"अवो काजलचे बाबा," जिजाबाई आतून म्हणाल्या, "पोरगी सांगून गेली ना?"

बापूराव उठले होते. तळहात टेकवला आणि झटकन मागे घेतला. हा तर थंडा होता. थंडा पाहूनच आणला होता. म्हणजे आत काहीतरी सुरू झालं आहे. शिट्टीचा सूर चढला. आता क्षणभर थांबायलाही वेळ नाही, असं त्यांना वाटलं. त्यांनी लॅपटॉप उलटा केला आणि बॅटरी ओढून काढली.

शिट्टी थांबली. त्यांनी माठातलं पाणी घेतलं, ग्लासभर प्यायले. घर वाचलं होतं.

काजल आली तेव्हा रिपोर्टला नव्या डिंकाचा वास होता. ती टेबलाजवळ उभी राहिली.

"तुले काय सांगू, कसा तापलता," बापूराव म्हणाले. "घर गेलं असतं."

"नसतं गेलं, बाबा. लय तापला की तो आपणच बंद होते. तसाच बनवला असते तो." तिने बॅटरी लावली, पण सुरू केला नाही. "तो नव्हता पेटणार. तो काम करून राह्यला होता."

"मंग आता?"

"आता पुन्हा लावायले वेळ नाई. उद्या रिकाम्या हातानं जाईन."

परीक्षकाने रिपोर्ट चाळला, प्रोग्राम मागितला आणि हिवाळी परीक्षेला या म्हणून सांगितलं. पुण्याहून फोन आला, जागा उन्हाळ्यात पास होणाऱ्यांसाठीच होती. काजलने दोन्ही गोष्टी जेवणाच्या ताटावर सांगितल्या आणि भात कालवत राहिली.

"हिवाळ्यापर्यंत मी नागपूरले मावशीकडे राहीन," ती म्हणाली. "तिच्याकडं कॉम्प्युटर हाये."

"इथं काऊन नाई? टेबल हाये, जागा हाये."

काजलने ताट बाजूला सारलं.

"इथं तुम्ही असता, बाबा."

ती रागाने म्हणाली असती तर बापूराव काहीतरी बोलले असते. तिने ते समजावून सांगितल्यासारखं सांगितलं. मग आईकडे वळून विचारलं, सकाळची नागपूरची एसटी अजून नाक्यावर थांबते का. जिजाबाई म्हणाल्या, थांबते.