न आलेली झडप

३१ मार्च १९७८. शिल्लक रक्कम ६,२४० रुपये. हजर तिघे: आमचे उपअभियंता साहेब, एक सुतार आणि मी, कचेरीतला हिशेबाचा कारकून. वसईच्या खाडीवरचे बांध सांभाळणं हे आमच्या खात्याचं काम. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून एका बांधाला लाकडी झडप होती, ती कुजली होती. नवी करायला सुताराला सहा आठवडे हवे होते आणि मंजूर पैसा त्या संध्याकाळपर्यंतच वापरता येणार होता. साहेब म्हणाले, "'माल मिळाला' असं लिहून टाका. झडप मेमध्ये बसेल."

मी नाही म्हटलं. न आलेला माल आला, असं मी तोवर कधी लिहिलं नव्हतं. पैसे परत करू, नव्या वर्षात पुन्हा मागू, असं माझं म्हणणं. साहेबांनी परतीच्या पत्रावर सही केली आणि तुम्हाला सरकार अजून कळलेलं नाही, एवढंच बोलले.

नव्या वर्षाच्या मंजुरीत नेमके ६,२४० रुपये कमी आले. मी ठाण्याला वरच्या कचेरीत गेलो. तिथल्या लेखापालांनी फाइल उघडलीसुद्धा नाही.

"परत केलेत ना? म्हणजे मागताना फुगवूनच मागितलं होतंत."

शेजारच्या उपविभागाने त्याच मार्चमध्ये आठ लोखंडी कपाटं घेतली होती. त्यांतली पाच रिकामी होती. मी स्वतः उघडून पाहिली. त्यांना मात्र वाढ मिळाली, कारण त्यांनी मिळालेलं सगळं खर्च केलं होतं.

ऑगस्टच्या उधाणात झडप फुटली. दीड एकर लावलेलं भात आठवड्यात करपलं. त्याचा मालक कचेरीत आला, बाकावर बसला, पाणी विचारलं तर नको म्हणाला.

"भाऊसाहेब, तुमी सरकारचं पैसं वाचवलं म्हनं. पानी माझ्या शेतान आलं."

मला त्या लेखापालाची किळस आली. माझ्या स्वच्छ वहीचीही आली.

साहेबांनी वर्षभर इतर कामांतून ओढूनताणून पैसे जमवले. ३१ मार्च १९७९ रोजी आम्ही तेच तिघे पुन्हा बसलो. लाकूड महागलं होतं. मी 'माल मिळाला' लिहिलं आणि खाली सही केली. झडप मेअखेर बसली.

सुताराला ६,९०० रुपये दिले. शेतकऱ्याला काही नाही. भरपाईसाठी आमच्या खात्याकडे तरतूदच नव्हती.