हनिफभाईंच्या गडग्याचा जपानी पिच्चर

हनिफभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सित्र्याच्या रिफायनरीत शिफ्टवर होतो. "अंकल, अब्बा इज नो मोअर," एवढंच त्यांची सना बोलली. ही पोरगी बहरीनमध्येच वाढली, आता इथेच नोकरी करते. मराठी सगळं समजतं, पण उत्तर नेहमी इंग्रजीत. मी हेल्मेट काढलं आणि मनात काय आलं, तर आता त्या जपानी पिच्चरचं काय होणार? डोक्यात कधी काय येईल, नेम नसतो बघा!

हनिफभाई रत्नागिरीकडचे, बाब अल बहरीनजवळच्या कापडाच्या दुकानात सेल्समन. कापडाचा तागा उलगडता उलगडता गिऱ्हाईकाला गोष्टीत गुंगवणारा माणूस. तिथल्याच बाजारातून त्यांनी एकदा एक सीडी आणली. सिनेमा जपानी, थाट मात्र सगळा अमेरिकन काउबॉयचा. धुळकट गाव, घोडे, रुंद काठांच्या टोप्या, आणि कमरेला पिस्तुलाशेजारी चक्क तलवार! बोलणं जपानी, खाली अक्षरं अरबी. शुक्रवारी ते नमाजाहून परतले की हमद टाउनच्या त्यांच्या हॉलमध्ये आम्ही चार मराठी टाळकी जमायचो. भाभींची सांदणं आणि मटणाचा रस्सा हाणून झाला की तोच पिच्चर, पुन्हा पुन्हा.

हनिफभाई अरबी अक्षरं भराभर मोठ्याने वाचायचे आणि लगेच त्यांच्या बोलीत गोष्ट सांगायचे. "ह्यो बग, घोड्यावरनं उतरला, ह्यो आपला मानूस. आखातातनं सुटीवर आलाय. हिकडं भावकीनं बागेचा गडगा सरकवलानी, कलमां गिळलानी!" पडद्यावर धाडधाड गोळ्या सुटायच्या आणि आम्ही गडग्यासाठी, म्हणजे बागेच्या त्या दगडी बांधासाठी, शिट्ट्या मारायचो. मी पडलो पुण्याचा. एकदा विचारलंच, "अहो, जपानात हापूस कुठला?" तर म्हणाले, "मधी बोलू नको, इंजिनेर. लिवलाय तसा सांगतोय."

शेवटी तो टोपीवाला एकटाच धुळीत दिसेनासा होई. तिथे हनिफभाईंचा आवाज खाली यायचा... "चालला गावाला. खलास. आता परत व्हिसा नाय काढायचा." दर सुट्टीला हेच ठरवून परत आलेली माणसं आम्ही!

त्यांचं गावाला जाणं राहूनच गेलं. इथल्याच मातीत झोपलेत ते. मग परवा भाभींचा फोन आला. त्या कायमच्या रत्नागिरीला निघाल्या होत्या. म्हणाल्या, "जायच्या आधी एकदा सगळे या. ह्यांचा पिच्चर ऐकायचाय मला." बघायचाय नव्हे, ऐकायचाय. मी शहाणपणा करून त्याच सिनेमाला इंग्रजी अक्षरं शोधून आणली. सगळे त्याच हॉलमध्ये जमलो, पिच्चर लावला, आणि काय सांगू! आपला मानूस निघाला सुपारी घेऊन मारणारा. ज्याला हनिफभाई "मनाचा साफ मामू" म्हणायचे तो टोळीचा म्होरक्या. बाग नाही, गडगा नाही, भावकी तर नाहीच नाही.

"भाभी, हनिफभाईंना अरबी येत होतं ना?"

"वाचायला येत होता की! लहानपणी मदरशात शिकले. अर्थ कुठला? दुकानात भाव सांगण्यापुरता." भाभींना वाटलेलं, आम्हाला हे ठाऊक आहे. कुराण घडाघडा वाचणाऱ्याला जगातलं सगळं अरबी कळतं, असं आम्ही गृहीत धरलेलं! हसून हसून पोट दुखायला लागलं.

भाभींचं हसू मात्र मध्येच थांबलं. "बंद करा ती अक्षरं. हा ह्यांचा पिच्चर नाय."

अक्षरं घालवली. मी माझ्या परीने गोष्ट सांगू लागलो, पण माझं पुणेरी मराठी म्हणजे बँकेतली सूचना. भाभींनी मान फिरवली. न ऐकताच जाणार ही बाई, या विचाराने जीव कासावीस झाला. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून आवाज आला.

"असा नाय ओ अंकल. ह्यो बग, ह्यो आपला मानूस..."

सना! गडगा, कलमं, मामू, सगळं जागच्या जागी, अब्बांच्याच हेलात. आम्ही शिट्ट्या मारल्या. टोपीवाला धुळीत लहान लहान होत गेला तशी ती थांबली. भाभींनी तिचा हात धरला.

"चालला गावाला," सना म्हणाली. "खलास. आता परत व्हिसा नाय काढायचा."

भाभींनी ओढणीने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून ठसक्यात म्हणाल्या, "बघा इंजिनेर, लिवलाय तसाच सांगितलान पोरीनं."