तिसऱ्या घंटेआधी उठणारे मामा

जगातली कुठलीही गोष्ट जशी आहे तशी सोडून देणं माझ्या बायकोच्या मामांना आजवर जमलेलं नाही, आणि खुर्चीवर बूड टेकवून बसणं तर त्याहून नाही. व्हिसा मिळाला की ते ओजिमाला आमच्याकडे येतात आणि दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत अख्ख्या जपानची पटकथा दुरुस्त करतात. कोनबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातली, मुलगी रोज त्याच सुरात डबा गरम करून देऊ का विचारते, तर मामांच्या मते दुसऱ्या दिवशी तरी तिच्या वाक्यात थोडी ओळख यायला हवी. ट्रेनमधून ते हटकून एक स्टेशन आधी उतरतात, कारण शेवट माहीत असलेल्या प्रवासात त्यांना बसवत नाही. इथे रद्दी नीट रचून, दोरीनं बांधून ठेवायची असते. मामा मात्र आपले कागद बारीक फाडून भाजीच्या सालांत मिसळतात. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी एकदा वाकून वाकून, गोड हसत त्यांना गठ्ठा बांधायला शिकवलं, तेव्हा मामा मला म्हणाले, "जावईबापू, कथा लिहायची आणि गाठ मारून चोराच्या दारात ठेवायची?"

ही भीती हवेतली नाही. मुंबईत पटकथालेखक म्हणून त्यांचं छान चाललं होतं. मग एका बड्या निर्मात्यानं एका नवख्या लेखिकेची कथा ढापली आणि मामांनी लेखकांच्या बैठकीत उभं राहून तसं सांगितलं. फोन यायचे थांबले. काळी यादी कुणी दाखवली नाही, फक्त कुणी चहा विचारेना. पुढे पोटासाठी त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर लिहिलं. मालिका, सिनेमे, नाटकंसुद्धा. स्वतःच्याच नाटकाला तिकीट काढून जायचे आणि तिसऱ्या घंटेआधी उठून बाहेर पडायचे. निवेदनात लेखक म्हणून भलत्याचं नाव ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी. पडदा वर गेला की परत आत. मला या सगळ्याचा अजूनही संताप येतो. त्यांना येत नाही, याचा तर जास्तच.

यंदा आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवासाठी त्यांनी एकांकिका लिहिली. तालमीत आमचे सॉफ्टवेअरवाले संवाद म्हणता म्हणता खरोखर रडायला लागले. "लेखक म्हणून 'एक हितचिंतक' असं सांगा," मामा म्हणाले. "माझ्या नावापायी पोरांचं काही अडायला नको." निवेदन माझ्याकडे होतं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मंडळानं कोतोत, आमच्याच भागात, भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये तिसरी घंटा झाली आणि मी माइकवर मामांचं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. टाळ्या पडल्या. मामांची खुर्ची रिकामी होती. सवयीनं ते कधीच उठून गेले होते आणि बाहेर, सायकली लावतात तिथे, फेऱ्या मारत होते.

प्रयोग संपला, लोक पांगले. खुर्च्या घडी करून ठेवताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. पण ते घडी केलेली एक खुर्ची उघडून बसले.

"कसं म्हणालात? म्हणून दाखवा बरं."

मी म्हटलं.

"नावाआधी थोडं थांबायला हवं," ते म्हणाले. "परत."

हॉलचा माणूस दिवे मालवायला दारात येऊन उभा होता. मी थोडा थांबलो आणि पुन्हा नाव घेतलं. मामा उठले नाहीत.